पाच नळ : महाकाव्यांवरील चित्रे आणि त्यांच्या हाताने रंगविलेल्या प्रती



भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेला उतरून रिक्षात बसावे, "इंद्रलोक" एवढाच शब्द उच्चारावा आणि रिक्षावाल्याने पुढे काही न विचारता रिक्षा सुरू करावी, हा आपल्या सर्वांचा रोजचा अनुभव आहे. मला मात्र दर वेळी अर्जुनाची आठवण होते. त्याला इंद्रलोकी जाण्यासाठी केवढी तपश्चर्या करावी लागली होती! महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे. अर्जुन अस्त्रे मिळविण्यासाठी इंद्रलोकी गेला, मागे राहिलेला युधिष्ठिर वनात खिन्न होऊन बसला, आणि त्याचे मन रमावे म्हणून बृहदश्व ऋषींनी त्याला एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट म्हणजे नळ-दमयंतीचे आख्यान. म्हणजे इंद्रलोकाचे आणि नळाचे नाते जुने आहे. इथे हसू आले ते मी समजू शकतो. नळ म्हटला की भाईंदरकरांना प्रथम पाण्याचा नळ आठवतो, आणि तोही न आलेल्या पाण्याचा! आज मात्र आपल्याला निषध देशाच्या राजाविषयी बोलायचे आहे.

त्या आख्यानातला एक प्रसंग आजच्या विषयाची किल्ली आहे. दमयंतीचे स्वयंवर मांडले आहे. तिने मनाने नळाला वरले आहे. पण इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे देवही तिच्या आशेने आले आहेत, आणि चौघांनीही नळाचेच रूप घेतले आहे. वरमाला घेऊन दमयंती पुढे येते, तो एका ओळीत पाच नळ! एक अस्सल आणि चार त्याच्या प्रती. आता तिने ओळखावे कसे?

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर अगदी निराळ्या वेषात उभा राहिला. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ एके दिवशी मला आग्रहाने घरी घेऊन गेले. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेले एक तैलचित्र बैठकीच्या खोलीत टांगलेले होते. कठड्यावर हंस बसला आहे आणि दमयंती त्याचे बोलणे ऐकत उभी आहे, असा विषय. खालच्या कोपऱ्यात रविवर्म्यांची सही. मुलीला उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवायचे होते आणि हे चित्र विकून तो खर्च भागेल, अशी त्या घराची आशा होती. चित्र पाहून मी गप्प राहिलो. माझे गप्प राहणे त्यांच्या पत्नीच्या ध्यानात आले. "खोटे आहे का हो?" असे त्यांनी हळूच विचारले. ते चित्र रविवर्म्यांचे नव्हते. पण त्याला 'खोटे' म्हणावयास माझी जीभ वळेना. ती का वळली नाही, हे सांगण्यासाठीच आज मी आपणांपुढे उभा आहे.

प्रथम ही चित्रे कोणत्या जातीची, ते पाहू. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत कलेत एक लाट आली, तिला आपण रोमँटिक किंवा स्वच्छंदतावादी कला म्हणतो. नियम, तोल आणि बुद्धी यांच्यापेक्षा भावनेला, वादळाला, विरहाला आणि दूरच्या काळाला या कलावंतांनी अधिक मान दिला. साहजिकच त्यांनी काव्याकडे धाव घेतली. फ्रान्समधल्या यूजीन देलाक्रुआ या चोवीस वर्षांच्या तरुणाने १८२२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक मोठे चित्र मांडले. दांते या इटालियन महाकवीच्या काव्यातला, नरकातली नदी नावेतून ओलांडण्याचा तो प्रसंग होता. काळे पाणी, मागे जळते नगर, नावेला दातांनी-हातांनी धरू पाहणारे पापी जीव आणि मधोमध भेदरलेला कवी. हे चित्र आज लूव्र संग्रहालयात आहे. ते पुन्हा आपल्या बोलण्यात येणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

आपल्याकडे हे काम राजा रविवर्मा यांनी केले. जन्म १८४८, केरळातील किळिमानूर येथे, मृत्यू १९०६. त्यांचे तंत्र युरोपातील शिस्तबद्ध वास्तववादी तैलचित्रणाचे होते, म्हणून काही जाणकार त्यांना रोमँटिक म्हणावयास कचरतात. तंत्रापुरते ते खरेच आहे. पण त्यांनी निवडलेले क्षण पाहा. कवीला कथेचा आरंभ सांगता येतो, शेवटही सांगता येतो. चित्रकाराच्या वाट्याला एकच क्षण येतो. रविवर्मे युद्धाचा क्षण क्वचितच निवडतात. मेनकेकडे पाहून विश्वामित्राचे मन डळमळते तो क्षण, गंगा आपले मूल पाण्यात सोडू पाहते आणि शंतनू तिला अडवितो तो क्षण, सैरंध्रीवर कीचकाची नजर पडते तो क्षण. मन दोन दिशांना ओढले जात असताना चेहऱ्यावर जे उमटते, ते त्यांना हवे असते. हात शाळेत शिकलेला, पण हृदय रोमँटिक, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मराठी माणसाचा या चित्रांवर एक विशेष हक्क आहे. १८८८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यांना पुराणे व महाकाव्ये यांवरील चौदा चित्रे काढावयास सांगितली. विश्वामित्र-मेनका, शंतनू-गंगा, कीचक-सैरंध्री ही त्यांतलीच. या कामासाठी त्यांनी व त्यांचे बंधू राजराजवर्मा यांनी उत्तरेकडे प्रवास केला, निरनिराळ्या प्रांतांतले वेष पाहिले. पुढे त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर जे लुगडे आले, त्याचा घोळ आणि काष्टा आपल्या आज्यांच्या ओळखीचा होता. महाभारतातल्या राण्या काय नेसत असत, कोणास ठाऊक! पण आज आपण डोळे मिटून दमयंती आठवू लागलो तर ती नेसलेली दिसते रविवर्म्यांनी नेसवलेलेच.

परंतु राजवाड्याच्या भिंतीवर गेलेले चित्र दिसणार किती जणांना? हा प्रश्न सर टी. माधवराव यांना आधीच पडला होता. हे तंजावरकडील मराठी घराण्यातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले गृहस्थ. त्यांनी १८८४ साली रविवर्म्यांना लिहिले की मागणी फार आहे, हात दोनच आहेत. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छाप काढवून घ्यावेत. युरोपात पाठविण्याऐवजी रविवर्म्यांनी १८९४ साली गिरगावात स्वतःचाच छापखाना काढला. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तिथे सर्वांत आधी छापले गेले. पुढे तो घाटकोपरला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रित्स श्लायशरला विकला. छपाई मात्र त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली. आपले धुरंधर यांचीही चित्रे त्या छापखान्यातून निघाली, आणि पुढे चित्रपटमहर्षी झालेल्या दादासाहेब फाळक्यांनीही त्याच्यासाठी काही काळ काम केले.

या छापील चित्राला ओलिओग्राफ म्हणत. त्याची कृती थोडक्यात अशी. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे. मग दगड ओला करावयाचा. पाणी आणि तेल यांचे वैर जगजाहीर आहे. शाई फिरविली की ती तेलकट जागीच चिकटते, ओल्या जागी धरत नाही. त्यावर कागद दाबला की छाप उमटतो. परंतु एका दगडावर एकच रंग. म्हणून जितके रंग, तितके दगड आणि तितक्या वेळा तोच कागद दाबाखाली जावयाचा. एखाद्या वेळी कागद केसभर सरकला की ओठांचा लाल रंग ओठांबाहेर जाऊन बसतो! शेवटी वर व्हार्निशाचा हात. काही छापांवर कॅनव्हासाचा पोतही दाबून उठवीत, म्हणजे दुरून तैलचित्रच वाटावे. अशा रीतीने लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत येऊन राहिल्या. हौशी बायकांनी तर त्यांवर जर, टिकल्या आणि मणीही चिकटविले.

प्रती करण्याची दुसरी रीत हाताची. छापखाना एकाच चित्राचे हजारो छाप काढतो. हाताने प्रत करणारा एका वेळी एकच काढतो आणि त्याला आठवडे लागतात. तो मूळ चित्रावर, किंवा बहुधा त्याच्या छापावर, दोऱ्याने किंवा पेन्सिलीने चौकटींचे जाळे आखतो. आपल्या कॅनव्हासवर त्याच प्रमाणात मोठे जाळे आखतो. मग एकेका चौकटीतली रेघ तिच्या जोडीच्या चौकटीत कोळशाच्या कांडीने उतरवितो. त्यावर पातळ, मंद रंगाचा पहिला थर देऊन उजेड-सावलीची वाटणी करतो. तो वाळला की वरचे थर, आणि प्रत्येक वरच्या थरात जवसाचे तेल थोडे अधिक. हे प्रमाण उलटे झाले, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला तडे जातात. कातडीचा उजाळा एका रंगाने साधत नाही. वाळलेल्या थरावर काचेसारखा पारदर्शक रंग पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. व्हार्निश तर कित्येक महिने थांबून द्यावयाचे. घाई करणाऱ्याचे हे कामच नव्हे.

आता दमयंतीकडे परत जाऊ. तिने पाच नळ पाहिले, गोंधळली, आणि मग देवांचीच प्रार्थना केली की माझ्या सत्यासाठी आपापले खरे रूप दाखवा. देवांनी तिचे ऐकले आणि आपली चिन्हे उघड केली. तेव्हा तिला काय दिसले? चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नाही. डोळ्यांची पापणी लवत नाही. गळ्यातले हार ताजे, धुळीचा कण नाही. पाय जमिनीला टेकलेले नाहीत. आणि पाचव्याची सावली पडली आहे, हार कोमेजला आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे, पापणी लवते आहे. तिने त्या पाचव्याच्या गळ्यात माळ घातली.

चित्रे पारखण्याचा याहून चांगला धडा मला कोणत्याही ग्रंथात मिळालेला नाही. अस्सल चित्र ओळखावयाचे ते त्याच्या निर्दोषपणावरून नव्हे, घामावरून! मूळ चित्रकार काम करताना शोधत असतो. हात आधी वर काढला होता, मग खाली घेतला. पदराची घडी आधी जाड होती, मग पुसली. हे बदल वरच्या रंगाखाली राहतात आणि काळाने रंग पातळ झाला की कधी नुसत्या डोळ्यांना, एरव्ही क्ष-किरणांत दिसतात. प्रत करणाऱ्याला मात्र शेवट आधीच ठाऊक असतो. त्याला हात वर की खाली, हा प्रश्नच पडलेला नसतो. म्हणून त्याची रेघ बिनघामाची, न लवणाऱ्या पापणीची असते. छापाची ओळख याहून सोपी. भिंग लावले की रंगाचे बारीक ठिपके दिसतात, कडेला सरकलेला रंग दिसतो. आणि बाजूने दिवा धरला तर कुंचल्याने उठविलेल्या रंगाच्या कडा दिसत नाहीत.

त्या गृहस्थांच्या चित्रात रंगाच्या कडा होत्या, म्हणजे ते हातचे काम होते. पण दमयंतीच्या गालावर भिंगातून पाहिले तेव्हा मौज दिसली. कुंचल्याच्या टोकाने तिथे बारीक बारीक ठिपके दिलेले होते. त्या अनाम कारागिराने मूळ चित्र जन्मात पाहिले नसावे. त्याच्यासमोर होता छापखान्याचा कागद, आणि दगडावरचे ठिपके हा छपाईचा गुण आहे हे न कळून, त्याने तेही इमानाने रंगात उतरविले होते! प्रतीची प्रत ती ही.

इथे कोणी म्हणेल, मग अशा कामाची किंमत काय? मी उलट विचारतो, शकुंतला मूळ कोणाची? महाभारताच्या आदिपर्वातल्या शकुंतलेच्या कथेत हरवलेली अंगठी नाही. ती कालिदासाच्या नाटकात आहे. पायात दर्भ रुतल्याचे निमित्त करून ती मागे वळते, हाही कालिदासाचाच कल्पक हात. रविवर्म्यांनी तो क्षण घेऊन चित्र काढले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली तीच शकुंतला मराठी रंगभूमीवर गाती केली. महाकाव्य म्हणजे ज्याच्या पुन्हा पुन्हा प्रती व्हाव्यात असेच काव्य. प्रत्येक हात त्यात काही ठेवतो. प्रत काढणाऱ्याचा वाटा सर्वांत लहान असेल, पण तोही त्याच ओळीत उभा आहे.

शिवाय प्रत काढणे हे थोरांचेही विद्यापीठ आहे. मघाशी सांगितलेल्या देलाक्रुआच्या नावेची प्रत एदुआर माने या तरुणाने १८५० च्या दशकात काढली, एकदा नव्हे, दोनदा. पहिली मुळाशी प्रामाणिक. दुसरीत त्याने बारकावे सोडून रंगांचा झपाटा तेवढा पकडला. त्या दोन प्रतींमध्ये एक विद्यार्थी चित्रकार होताना दिसतो. पुढे युरोपच्या चित्रकलेला नवे वळण देणारा माने तो हाच. त्याच्यामागून सेझाननेही त्याच चित्राची प्रत काढली.

आणि आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर याहून मोलाचे आहे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती काढीत. त्यातल्या पुष्कळ प्रती लंडनमध्ये आगीत जळाल्या. त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून काढलेल्या प्रतीही १८६६ सालच्या आगीत गेल्या होत्या. ज्या वाचल्या, त्या आज साक्षीदार आहेत. कारण भिंतीवरचा रंग त्यानंतरही झिजत राहिला. मूळ नाहीसे होऊ लागते, तेव्हा प्रत बोलते.

मग पाप कशात आहे? लपविण्यात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७९३ पासून चित्रकारांना समोर बसून प्रती काढू देतात. पण तिथला नियम असा की प्रतीचा आकार मुळाहून निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठा हवा आणि मूळ चित्रकाराची सही उतरवावयाची नाही. कॅनव्हासवर संग्रहालयाचा शिक्काही पडतो. म्हणजे प्रत काढण्याची पूर्ण मोकळीक, फसविण्याची मुळीच नाही. आपल्याकडे लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या कृतीवरील हक्क संपतो. रविवर्मे १९०६ साली गेले, तेव्हा त्यांच्या चित्रांच्या प्रती काढावयास आज कोणाची मनाई नाही. दुसरीकडे १९७९ साली त्यांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरली. अस्सल चित्र देशाबाहेर विकता येत नाही. अस्सल थोडे, मागणी मोठी, अशा बाजारात सहीची एक रेघ प्रतीचे रूपांतर लबाडीत करते.

म्हणून आपणांपैकी कोणी नव्या घरासाठी असे हाताने रंगविलेले चित्र घेणार असेल, तर मी एवढेच सांगेन. जरूर घ्यावे. छापील कागदापेक्षा त्यात माणसाचे श्रम आहेत. पण रंगविणाऱ्याला म्हणावे, "बाबा रे, कोपऱ्यात रविवर्म्यांची सही नको. मागच्या बाजूला तुझे नाव घाल, साल घाल, आणि कोणत्या चित्रावरून काढले ते लिही." तो कदाचित लाजेल. आजवर त्याला कोणी नाव विचारलेले नसते.

त्या गृहस्थांच्या घरी मी हेच सांगितले. चित्र विकून परदेशचा खर्च निघणार नव्हता, हे सत्य कडू होते आणि ते गिळायला त्यांना वेळ लागला. ते चित्र माळ्यावर टाकण्याची भाषा करू लागले. तेव्हा आम्ही ते भिंतीवरून उतरवून उलटे केले. मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने मोडीत दोन शब्द लिहिलेले होते. अर्धे पुसले होते. नाव काही लागले नाही. मुलगी ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिली. पुढे ती बँकेचे कर्ज काढून शिकावयास गेली. चित्र आजही त्याच भिंतीवर आहे. पुढच्या कोपऱ्यातली रविवर्म्यांची सही त्यांनी मुद्दाम पुसली नाही, कारण तोही त्या चित्राचा इतिहास आहे. पण चौकटीखाली एक लहान पाटी लावली आहे : 'रविवर्म्यांच्या चित्राच्या छापावरून. रंगविणारा अज्ञात.'

नळ-दमयंतीच्या कथेत पुढे काय झाले, ते आपल्याला आठवत असेल. ओळख पटल्यावर ते चारही देव रागावले नाहीत. आपण नळ नाही हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले होते, आणि मग प्रसन्न होऊन त्यांनी खऱ्या नळाला प्रत्येकी दोन असे आठ वर दिले. स्वतःची खूण उघड करणारी प्रत अस्सलाची शत्रू नसते; ती अस्सलाला वर देते. इंद्रलोकात राहणाऱ्या आपण सर्वांनी निदान इंद्राचे एवढे अनुकरण करावयास हरकत नाही.